रिकाम्या महिन्यांचा हिशेब

बहरीनच्या मुख्य बेटाला लागूनच मुहर्रक नावाचे एक लहानसे बेट आहे. मोत्यांच्या धंद्याचे ते जुने माहेरघर. तेथील जुन्या वस्तीतून समुद्रकाठापर्यंत सुमारे ३.५ किलोमीटर लांबीचा एक मार्ग जातो आणि त्याच्या आजूबाजूला मोत्यांच्या व्यापाऱ्यांचे वाडे, वखारी आणि पाणबुड्यांची अगदी बेताची घरे जतन करून ठेवलेली आहेत. शिंपल्यांच्या समुद्रातील ३ जागा, किनाऱ्याचा एक तुकडा, एक किल्ला आणि १७ इमारती मिळून या सबंध स्थळाला युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्याच यादीत ६ वर्षे आधी, म्हणजे २००६ साली, पोर्ट लुईचा आप्रवासी घाट दाखल झालेला होता. ज्या दगडी पायऱ्या चढून आपले खापरपणजोबा गळ्यात क्रमांकाचा बिल्ला आणि हातात एक बोचके घेऊन मॉरिशसच्या भूमीवर आले, तोच हा घाट.

एकीकडे मोती, दुसरीकडे ऊस. एकीकडे अरब पाणबुडे, तर दुसरीकडे रत्नागिरी-साताऱ्याकडून, बिहारमधून, मद्रास इलाख्यातून गेलेले मजूर. यांचा परस्परांशी संबंध तो काय, असे वाचक विचारील. संबंध एका वहीचा आहे. दोन्ही ठिकाणी कामकऱ्याच्या नावावर वहीत पहिली नोंद पडत असे ती मजुरीची नव्हे, तर देण्याची. आणि ही वही त्याच्या हाती कधीच नसे.

हा विषय केवळ इतिहासाचा असता, तर स्मरणिकेची पाने त्यासाठी अडविण्याचे धाष्टर्य प्रस्तुत लेखकाने केले नसते. परंतु गिरमिट संपून शंभर वर्षे लोटल्यावर आपल्या घरांतील तरुण मुले-मुली पुन्हा करारावर बाहेर पडत आहेत. कोणी दोन वर्षांसाठी आखातातील हॉटेलात, कोणी सहा-आठ महिन्यांसाठी प्रवासी जहाजावर, कोणी एखाद्या बांधकामाच्या कामावर जात असते. काम चांगले, पगारही घरच्यापेक्षा बरा. मात्र ते केव्हा संपेल आणि पुढचे केव्हा मिळेल याचा भरवसा नाही. असे काम करून माणसाने कर्जाबाहेर कसे राहावे आणि चार पैसे गाठीला कसे बांधावेत, हा प्रश्न मुहर्रकच्या पाणबुड्यापुढे होता, आपल्या पणजोबापुढे होता आणि आज बहरीनच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रत्येक कामकऱ्यापुढे आहे.

मोत्यांच्या धंद्याची रचना प्रथम पाहू, कारण ती समजली की बाकीचे पुष्कळसे आपोआप समजते. विसाव्या शतकाच्या आरंभी जे. जी. लॉरिमर या ब्रिटिश अधिकाऱ्याने आखाताची जी विस्तृत माहिती संकलित केली, तीत बहरीनच्या ९०० हून अधिक मोती-होड्या आणि त्यांवरील १७,००० हून अधिक माणसे यांची नोंद आहे. देशाची एकूण वस्ती तेव्हा लाखाच्या आसपास होती. म्हणजे धडधाकट पुरुषांतील फार मोठा भाग या एकाच धंद्यावर पोट भरीत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

मुख्य हंगाम उन्हाळ्यातला, जूनच्या सुमारास सुरू होऊन सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चालणारा. अवघा चार महिन्यांचा. पायाला दगड बांधून पाणबुड्याने तळाशी जावयाचे, नाकावर शिंगाचा किंवा कासवाच्या पाठीचा चिमटा लावलेला, गळ्यात शिंपले भरण्याची जाळीची पिशवी. वर होडीत दोर धरून बसलेला ओढणारा त्याला इशारा मिळताच वर खेची. सकाळी थोडे खजूर आणि कॉफी, पोटभर जेवण रात्रीच, तेही भात आणि मासे. होडीच्या प्रमुखाला म्हणत नाखुदा. आपल्या कोकणातला ‘नाखवा’ तो हाच. शब्द फारसी, आणि समुद्राच्या दोन्ही काठांवर तो सारख्याच अधिकाराने नांदला. हंगामअखेर मोती विकून खर्च वजा जाता जे उरे, त्याच्या वाटण्या होत. साधारणतः पाणबुड्याला तीन वाटे, ओढणाऱ्याला दोन, हाताखालच्या पोराला एक. कागदावर पाहावे तर ही भागीदारी आहे, मजुरी नव्हेच. कित्येक परदेशी प्रवाशांना ती मोठी न्याय्यही वाटली.

तथापि, चार महिन्यांचा हंगाम संपल्यावर उरलेले आठ महिने घर कशावर चालवावयाचे? येथेच उचल आली. ती तीन वेळा मिळे. हंगाम संपल्यावर हिवाळ्यासाठी मिळे ती ‘तस्काम’. समुद्रावर जाण्यापूर्वी, मागे राहणाऱ्या बायकामुलांच्या पोटासाठी मिळे ती ‘सलफिया’. आणि हंगामाच्या मध्यात होडी बंदराला लागली म्हणजे हातखर्चासाठी मिळे ती ‘खर्जिया’. हा शेवटचा शब्द आपल्या ‘खर्ची’च्या किती जवळचा वाटतो! वाटे ठरत ते मोती विकल्यावर, उचल मात्र आधीच घेतलेली. हंगाम बरा गेला तर उचल फिटे आणि थोडे हाती येई. हंगाम वाईट गेला तर उरलेले देणे पुढच्या वर्षावर चढे, आणि त्यावर पुन्हा नवी तस्काम.

उचल पुष्कळदा रोख नसे. तांदूळ, कापड, कॉफी या रूपाने मिळे, आणि त्या मालाची किंमत देणाऱ्याने लावलेली असे. हिशेब नाखुदाच्या वहीत आणि पाणबुडा निरक्षर. नाखुदालाही सर्वस्वी दोष देता येत नाही, कारण तो स्वतः एखाद्या व्यापाऱ्याच्या कर्जात असे आणि त्या कर्जापायी मोती त्यालाच, त्याने सांगितलेल्या भावाने विकी. या साखळीची शेवटची कडी मुंबईत होती. आखातातील मोत्यांची मोठी बाजारपेठ झवेरी बाजाराच्या परिसरात होती आणि पाणबुड्याचे कर्जही रुपयांतच लिहिले जाई. बहरीनमध्ये रुपयाचे चलन १९६५ पर्यंत चालले. त्या वर्षी दिनार आला तेव्हा १० रुपयांना १ दिनार असा भाव धरला गेला.

कर्जबाजारी पाणबुड्याला होडी बदलता येत नसे. दुसऱ्या नाखुदाकडे जावयाचे तर पहिल्याकडून ‘बरवा’ नावाची चिठ्ठी आणावी लागे. तीत देणे किती आहे ते लिहिलेले असे आणि नवा नाखुदा ते देणे पत्करील तरच सुटका होई. तो मरण पावला तर देणे मुलाच्या माथी येई. बापाच्या जागी मुलगा त्याच होडीवर चढे. वेठबिगार याहून निराळी काय असते?

१९२० नंतरच्या दशकात ब्रिटिश राजप्रतिनिधी मेजर डेली यांच्या कारकीर्दीत या व्यवस्थेत सुधारणा झाल्या. १९२३-२४ च्या सुमारास नियम झाले की, प्रत्येक पाणबुड्याला त्याच्या खात्याची स्वतंत्र पुस्तिका द्यावी, नाखुदाने हिशेब रीतसर ठेवावा, बापाचे देणे मुलावर लादू नये. १९२६ साली चार्ल्स बेल्ग्रेव हे राज्याचे सल्लागार म्हणून आले, त्यांनीही हे धोरण पुढे चालविले आणि कर्ज वाढू नये म्हणून उचलीच्या रकमेवर सरकार मर्यादा घालू लागले. एवढे झाल्यावर पाणबुड्यांनी सरकारला दुवा द्यावा, अशी कोणाचीही अपेक्षा असणार.

घडले ते उलटेच. पाणबुड्यांना ही मर्यादा मुळीच रुचली नाही आणि मे १९३२ मध्ये, उचल फारच कमी मिळाल्याच्या रागाने, पाणबुड्यांचा जमाव मनामात चालून गेला. दंगल उसळली, माणसे मारली गेली. ज्यांच्या भल्यासाठी सुधारणा, तेच तिच्यावर उठले, म्हणून त्या काळच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या अज्ञानाविषयी हळहळ व्यक्त केली असल्यास नवल नाही. परंतु यात अज्ञान कोठे आहे? सुधारणेने वही स्वच्छ केली, ही गोष्ट मोठी आहे, ती कमी लेखण्याचे कारण नाही. पण हिवाळ्याचे आठ महिने जसेच्या तसे रिकामे राहिले. उचल हे पाणबुड्याचे कर्ज होते, तसेच ते त्याच्या घरातले हिवाळ्याचे धान्यही होते. धान्य काढून घेतले आणि त्या जागी काही ठेवले नाही. मग वही कितीही चोख असो, चूल कशी पेटावी?

प्रस्तुत लेखाचे सारे म्हणणे या एका घटनेत आहे. हंगामी माणूस कर्जात पडतो तो कामाच्या महिन्यांत नव्हे, रिकाम्या महिन्यांत. त्याला काटकसरीचा उपदेश करणारे बहुधा त्याच्या कामाच्या महिन्यांतील खर्चाकडे बोट दाखवितात, विडी-चहाचा हिशेब मांडतात. खरी गळती अन्यत्र असते.

त्याच १९३२ सालच्या उन्हाळ्यात बहरीनमध्ये खनिज तेल लागले. जपानच्या मिकिमोतो यांच्या संवर्धित मोत्यांनी आणि १९२९ च्या जागतिक मंदीने मोत्यांचा भाव आधीच बसविला होता. पुढील दोन दशकांत हा धंदा जवळजवळ नामशेष झाला आणि जुने पाणबुडे तेल कंपनीच्या कामावर गेले. ती मजुरीही काही डोळे दिपविणारी नव्हती. परंतु ती महिन्याच्या महिन्याला येई, बाराही महिने येई.

आता आपल्या घराकडे वळू. गिरमिटाच्या करारात महिना ५ रुपये वेतन, शिवाय तांदूळ, डाळ, तेल, मीठ असा शिधा ठरलेला असे. जहाजावर चढण्यापूर्वी काही महिन्यांचे वेतन आगाऊ मिळे आणि ते पुढे कापून घेतले जाई. म्हणजे पहिली नोंद देण्याची, हे येथेही आलेच. त्यात ‘दुहेरी कापा’ची भर पडे. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी जाई. आजारी माणूस महिनाअखेर मालकाचेच देणे लागे. वेतनही वेळेवर मिळत नसे, महिनोन् महिने थकत असे. १८७१ साली ९,००० हून अधिक जुन्या गिरमिटियांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यानंतर १८७२ साली फ्रेअर आणि विल्यमसन यांचा शाही आयोग नेमला गेला व त्याचा अहवाल १८७५ साली प्रसिद्ध झाला. त्या अहवालात या गोष्टी विस्ताराने आल्या आहेत.

असे असूनही १८८० नंतर, साखरेचे भाव उतरून मोठ्या मळ्यांचे तुकडे विक्रीस निघाले तेव्हा, त्या ‘ग्रां मोर्सेलमां’त जमिनी विकत घेणारे हेच लोक होते. ५ रुपये वेतनातून जमीन! हे कसे साधले, याविषयी आपल्या मंडळ्यांच्या भाषणांतून ‘पूर्वजांची काटकसर’ एवढेच आपण ऐकतो. काटकसर होतीच. पण केवळ काटकसरीने हे साधत नाही. त्यांनी एका धंद्यावर घर ठेवले नाही. दावणीला गाय असे, परसात भाजी असे, घरातील बाई आणि मुले गवत कापून आणीत. ऊसतोडीचा हंगाम संपला आणि मळ्यावरचे काम रोडावले, की दूध-भाजीवर घर चालत असे आणि हंगामातील मजुरी हंगामासाठी न मोडता शिल्लक राही. रिकाम्या महिन्यांना त्यांनी स्वतःचे उत्पन्न दिले, हे त्यांचे खरे कर्तृत्व होय.

ज्यांना हे जमले नाही त्यांचे रिकामे महिने गावातील दुकानदाराच्या वहीवर गेले. ‘कार्ने’ हा शब्द आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना अद्याप ठाऊक असेल. दुकानाचा माल कार्नेवर आणावयाचा आणि ऊसतोडीच्या पैशातून चुकता करावयाचा. त्या दुकानदाराने कित्येक कुटुंबे उपासमारीपासून वाचविली, हे विसरून चालणार नाही. पण उसाचे पीक उभे असतानाच ते मध्यस्थाकडे गुंतलेले असे आणि लहान शेतकरी पिकाचा धनी नावापुरताच राही. १९१३ साली मॉरिशसमध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तो या मध्यस्थाच्या तावडीतून लहान ऊस-शेतकऱ्याला सोडविण्याच्या हेतूने.

मायदेशी राहिलेल्या आपल्या भाऊबंदांची कथा यापेक्षा फारशी वेगळी नाही. मुंबईच्या गिरण्यांत ‘बदली’ कामगार रोज सकाळी दरवाजाशी उभा राही. कोणी गैरहजर असेल तर काम, नाही तर घरी परत. १९३१ सालच्या व्हिटली आयोगाने असा अंदाज दिला की, बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन-तृतीयांश कामगार कर्जात आहेत आणि बहुसंख्यांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. तीन महिन्यांचा पगार, हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. एखादे आजारपण, एखादे लग्न किंवा एखादी टाळेबंदी यांत घर जितके दिवस बिनपगारी राहते, साधारण तेवढेच हे कर्ज.

गोव्याच्या खलाशांनी मात्र यावर एक तोड काढली होती, आणि ती प्रस्तुत लेखकास अत्यंत शहाणपणाची वाटते. जहाजावरचे काम फेरीपुरते. फेरी संपली की खलाशी मुंबईच्या बंदरात, पुढचे जहाज मिळेपर्यंत मोकळा. त्या दिवसांत उधारीवर राहण्या-जेवण्याची सोय करणारे बंदरात पुष्कळ असत, आणि त्या उधारीची फेड पुढच्या फेरीच्या पगारातून होई. गोव्याच्या गावोगावच्या लोकांनी धोबीतलाव आणि त्याच्या आसपास आपापल्या गावाचे ‘कूड’ काढले. महिन्याला नाममात्र वर्गणी द्यावयाची. एका मोठ्या खोलीत प्रत्येकाची पेटी भिंतीशी ठेवलेली; त्याच पेटीशेजारी अंथरूण. समोर गावच्या संताची वेदी. काम असो वा नसो, डोक्यावर छप्पर आहे आणि ते कोणाच्या उधारीचे नाही. गिरणगावात रत्नागिरीकडील गावमंडळांच्या खोल्या होत्या, त्यांचे तत्त्वही हेच. येथे बचत पेटीत नाणी टाकून झाली नाही, रिकाम्या दिवसाचा खर्च उतरवून झाली.

बीडकडील ऊसतोडणी मजुराला असे काहीच लाभले नाही. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात; पावसाळ्यात हाताला काम नसताना मुकादमाकडून उचल घ्यावयाची, दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या कारखान्यावर जावयाचे, आणि पाच-सहा महिने तोडणी करून ती फेडावयाची. उचलीची रक्कम आता एका कोयत्यामागे लाखाच्या घरात गेली आहे. ती फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. आणि तोडणीच्या काळात दर आठवड्याला हातखर्चासाठी जे मिळते त्याला ‘खर्ची’ असेच म्हणतात. मुहर्रकचा पाणबुडा आज बीडला गेला, तर त्याला भाषा समजणार नाही, पण हा व्यवहार सगळा समजेल.

आज बहरीनमध्ये मोत्यांची होडी नाही, नाखुदाही नाही. २००६ च्या कायद्याने तेथे श्रमबाजार नियामक प्राधिकरण स्थापन झाले आणि २००९ पासून परदेशी कामगाराला ठरावीक अटींवर मालक बदलण्याची मुभा मिळाली. म्हणजे ‘बरवा’ कायद्याने तरी पुष्कळ सैल झाला. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने खाजगी मालकांना पगार बँकेमार्फत देणे बंधनकारक झाले. बँकेचे हे खाते म्हणजे १९२४ च्या खातेपुस्तिकेची पणतीच म्हणावी. कामकऱ्याने ते स्वतः वाचावे, दरमहा वाचावे. पगार एक महिनाही चुकला तर ते तेथे दिसते, आणि तक्रारीच्या वेळी शंभर साक्षीदारांपेक्षा त्याचा उपयोग अधिक.

परंतु पहिली नोंद देण्याची, हा प्रकार मात्र गेलेला नाही. तो फक्त मालकाच्या वहीतून गावच्या सावकाराच्या वहीत गेला. भारतातून जाणाऱ्यांसाठी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील नियम असे आहेत की, नोंदणीकृत भरती-दलालाने ३०,००० रुपये आणि त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेऊ नये. प्रत्यक्षात अनेक मध्यस्थ याच्या कित्येक पट उकळतात आणि तो पैसा व्याजाने काढलेला असतो. समजा, कोणी १,५०,००० रुपये दरमहा शेकडा ३ ने काढले. महिन्याचे व्याज झाले ४,५०० रुपये. दिनाराचा भाव २२० रुपये धरला, तर हे सुमारे २० दिनार होतात. हा २० चा आकडा वाचकाने क्षणभर मनात ठेवावा.

आता समजा, त्याचा पगार १५० दिनार आहे आणि करार २४ महिन्यांचा. बहुतेक लोक १५० हे आपले महिन्याचे उत्पन्न समजून घराची घडी बसवितात. हेच चुकते. करार संपल्यावर परत येऊन पुढचे काम मिळेपर्यंत ४ महिने लागतील असे धरू. हा काही फार निराशेचा अंदाज नव्हे. तर २४ पगारांवर २८ महिने काढावयाचे आहेत. एकूण ३,६०० दिनारांना २८ ने भागले, तर महिन्याला येतात १२८ दिनार. हे त्याचे खरे उत्पन्न. दरमहा २२ दिनार बाजूला ठेवले तरच पुढच्या ४ महिन्यांची ‘तस्काम’ त्याला स्वतःच्या हातून मिळेल, नाही तर ती दुसऱ्या कोणाकडून घ्यावी लागेल. आणि पाहा, दलालापायी काढलेल्या कर्जाचे व्याजच महिन्याला २० दिनार आहे. म्हणजे जो माणूस कर्ज काढून गेला, त्याची रिकाम्या महिन्यांची शिदोरी त्याने गाव सोडण्यापूर्वीच खाल्लेली असते. यास्तव कर्ज काढून जाण्यापेक्षा, थोड्या कमी पगाराचे पण दलालीवाचून मिळणारे काम पत्करावे, किंवा सहा महिने थांबून पैसे साठवून जावे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. तरीही कर्ज झालेच असेल, तर पहिला पैसा त्याच्या मुद्दलाकडे जावा. शेकडा ३ मासिक व्याज भरीत असता बँकेत ठेव ठेवणे किंवा सोन्याचे वळे करणे, ही बचत नव्हे.

बहरीनमध्ये नव्याने कर्ज काढण्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. पगार बँकेत येऊ लागला की कर्ज देऊ करणारेही भेटू लागतात. हप्ता थकला आणि धनको न्यायालयात गेला, तर कर्जदाराला देश सोडण्यास मनाई होऊ शकते. नोकरी गेली, राहण्याचा परवाना संपत आला, आणि घरीही जाता येत नाही, अशा स्थितीत सापडलेल्या माणसाला बरव्याची गोष्ट निराळी समजावून सांगावी लागत नाही. कराराच्या मुदतीपलीकडे ज्याचा एकही हप्ता जातो, असे कर्ज तात्पुरत्या कामावरच्या माणसाने घेऊच नये. भिशीलाही हाच नियम लावावा. भिशी ही चांगली. ओळखीच्या दहा-बारा जणांत चालली तर बँकेपेक्षाही माणसाला ती अधिक बांधून ठेवते. परंतु तिचा फेरा करार संपण्यापूर्वी पुरा झाला पाहिजे. आधी रक्कम उचलून मध्येच मायदेशी परतावे लागले तर मागच्यांची देणी राहतात, आणि शेवटचा क्रमांक घेऊन बसले तर आपली रक्कम मागे राहते.

एक बचत अशी आहे की, तिचा पुष्कळांना पत्ताही नसतो. बहरीनच्या २०१२ च्या कामगार कायद्याप्रमाणे सेवा संपताना पहिल्या ३ वर्षांसाठी दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा आणि त्यापुढे दर वर्षामागे एका महिन्याचा पगार कामगाराला मिळावयाचा असतो. पूर्वी ही रक्कम मालकाकडेच राही, आणि त्याचा धंदा बुडाला की तीही बुडे. मार्च २०२४ पासून परदेशी कामगारासाठी तिचा हप्ता मालकाने दरमहा सामाजिक विमा संस्थेत भरावयाचा आहे. पहिली ३ वर्षे पगाराच्या ४.२ टक्के, पुढे ८.४ टक्के. वरील उदाहरणातील माणसाला दोन वर्षांअंती सुमारे १५० दिनार होतात, म्हणजे रिकाम्या चारांपैकी एक महिना भरून निघाला. हप्ता भरला जातो की नाही, हे नोकरी चालू असतानाच विचारून ठेवावे. विमानाचे तिकीट हाती आल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

राहता राहिले घर. परदेशी गेलेल्या माणसाचे अंदाजपत्रक पुष्कळदा घरचे लोक मोडतात, आणि त्यांचाही त्यात दोष नसतो, कारण त्यांना पगाराचा आकडा सांगितलेला असतो, महिन्यांचा नाही. पहिल्या चार-सहा महिन्यांत हौसेने जास्तीची रक्कम धाडली जाते, त्या रकमेवर घराचे भाडे ठरते, मुलाची शाळा ठरते, दुकानाची उधारी ठरते, आणि मग ती कमी करणे जिवावर येते. जी रक्कम २८ महिने अखंड पाठविता येईल तीच पहिल्या महिन्यापासून पाठवावी. उरलेले पैसे कामकऱ्याने घरच्या खात्यात न घालता स्वतःच्या नावावरील निराळ्या खात्यात ठेवावेत. आणि ही रक्कम एवढीच का, हे बायकोला किंवा आईला निघण्यापूर्वी समोर बसवून, कागदावर आकडे मांडून सांगावे; दूरध्वनीवरून हे नीट सांगता येत नाही.